ऊतींतील आधारजाल आणि त्याचा वैद्यकींतील उपयोग



उदगीरचें नांव काढलें म्हणजे इतिहासाच्या वाचकाला १७६० सालची निजाम-मराठ्यांची लढाई आठवते आणि शेतकऱ्याला देवणी बैल आठवतो. आजच्या विषयाचा लढाईशीं संबंध नाहीं. जनावरांशीं मात्र फार जवळचा आहे. म्हैस, बैल, डुक्कर, मासा अशा एखाद्या प्राण्याच्या शरीरांतील आवरण घ्यावयाचें, त्यांतील सगळ्या पेशी धुऊन काढावयाच्या, आणि मागें उरलेलें रिकामें जाळें दुसऱ्या जिवाच्या जखमेवर, फाटलेल्या पोटाच्या भिंतीवर किंवा निकामी झालेल्या झडपेच्या जागीं बसवावयाचें, अशी एक विद्या गेल्या चाळीसएक वर्षांत पुढें आली आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ तिला डीसेल्युलरायझेशन म्हणतात. आपण तिला निष्पेशीकरण म्हणूं. ही विद्या काय आहे, तिनें काय साधतें, ती कोठें फसते, आणि उदगीरसारख्या गुराढोरांच्या मुलखाला तिच्याशीं काय कर्तव्य आहे, एवढें आज सांगावयाचें आहे.

मनुष्याचें शरीर पेशींचें बनलेलें आहे, असें शाळेंत शिकवितात. तें खरें आहे, पण तेवढ्यानें वर्णन पुरें होत नाहीं. एकाच कामासाठीं एकत्र आलेल्या पेशींच्या समूहाला ऊति म्हणतात. स्नायु ही एक ऊति, त्वचेचा थर ही दुसरी. या ऊतींत पेशींखेरीज आणखी एक भाग असतो. पेशी आपल्या भोंवतीं स्वतःच तंतु विणतात, त्या तंतूंच्या मध्यें पाणी धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचा भरणा करतात, आणि त्या विणींत आपण राहतात. या विणीला पेशीबाह्य आधारजाल असें नांव आहे. उदगीरच्या किल्ल्याचाच दृष्टांत घ्या. आज तेथें फौज नाहीं. तरीहि तट, बुरूज, खंदक आणि दरवाजे जागच्या जागीं असल्यामुळें पहारा कोठें असे आणि रस्ता कोणीकडे जाई, हें पाहणाराला कळतें. त्याचप्रमाणें ऊतींतून पेशी काढून टाकल्या तरी आधारजाल जागच्या जागीं राहतें. रक्तवाहिनी कोठून न्यावी, थर कोठें संपवावा, हें नवीन येणाऱ्या पेशींस त्यावरून उमगतें. किल्ल्याच्या दगडांहून येथें एक गोष्ट अधिक आहे. या जाळ्यांत वाढीचीं सूचक द्रव्यें अडकून राहिलेलीं असतात. जाळें विरघळूं लागलें कीं तीं मोकळीं होतात आणि शेजारच्या पेशींना कामाला लावतात.

या जाळ्यांतील मुख्य तंतु कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचा. शरीरांतील सर्व प्रथिनांपैकीं सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा असतो. कातड्याचा चिवटपणा, हाडें एकमेकांशीं बांधणारे बंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, ही सारी त्याचीच करणी. त्याच्या जोडीला ताणलें असतां पुन्हां मूळ लांबीवर येणारें इलॅस्टिन, पेशींना पाय रोवूं देणारीं लॅमिनिन व फायब्रोनेक्टिन, आणि पाणी धरून ठेवणारीं शर्करायुक्त द्रव्यें असतात. कोलॅजेनची घडण उलगडण्याचा मान आपल्या देशाकडे आहे. मद्रास येथें १९४८ सालीं केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या शेजारच्या विद्यापीठांत काम करणारे जी. एन्. रामचंद्रन् यांनीं त्या संस्थेकडून कोलॅजेनचे नमुने मिळवून त्यांवर क्ष-किरणांचे प्रयोग केले, आणि १९५४ सालीं गोपीनाथ कर्ता यांच्यासह असें दाखविलें कीं, कोलॅजेनचे तीन पदर एकमेकांभोंवतीं वेणीसारखे गुंफलेले असतात. कातडें कमावणाराच्या कुंडांत जें द्रव्य रोज हाताळलें जाई, तेंच अशा रीतीनें शास्त्रज्ञाच्या यंत्रासमोर आलें.

कातडें कमावणें आणि ऊतींतून पेशी काढणें हीं दोन कामें एकाच घरांतलीं आहेत. मराठवाड्यांत कातडें कमावण्याचें काम ढोर समाजाच्या कारागिरांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें. कच्चें कातडें मिठानें टिकवावयाचें, पाण्यांत भिजवावयाचें, चुन्याच्या कुंडांत ठेवून केस सैल करावयाचे, उलट्या बाजूचें मांस व चरबी खरडून काढावयाची, चुना धुवावयाचा, आणि मग बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या पाण्यांत तें दिवसेंदिवस मुरूं द्यावयाचें, असा हा क्रम. मीठ, चुना, खरडणें आणि धुणें यांनीं कातड्यांतील नासणारा भाग निघून जातो व कोलॅजेनची वीण मागें राहते. शेवटीं सालींतील तुरट द्रव्य त्या विणीचे तंतु एकमेकांशीं घट्ट जखडून टाकतें. ज्यांच्या मोटेवर शेत पिके आणि ज्यांच्या वहाणेवर गांव चाले, त्या कारागिरांना समाजानें गांवकुसापासून दूर ठेविलें, आणि त्यांच्या हातांतील ज्ञानाची फारशी नोंदहि केली नाहीं. शेजारच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण येथें बाराव्या शतकांत बसवेश्वरांच्या शरणमंडळींत ढोर कक्कय्या यांना मानाचें स्थान होतें, हें या प्रसंगीं स्मरणीय आहे.

चर्मकार आणि वैद्य यांच्या हेतूंत मात्र फरक आहे. चामडें जसेंच्या तसें राहावें, कुजूं नये, हें चर्मकाराला हवें असतें. सालीनें जखडलेले तंतु जंतूंना सहसा खातां येत नाहींत आणि शरीरालाहि पचवितां येत नाहींत. वैद्याला बहुधा याच्या उलट हवें असतें. जाळ्यानें कांहीं काळ टिकावें, आणि मग शरीरानें तें हळूहळू पचवून त्याच्या जागीं स्वतःचें नवें जाळें विणावें. म्हणून कमावण्याची शेवटची क्रिया वैद्य गाळतो किंवा फार सौम्यपणें करतो. जेथें जाळें वर्षानुवर्षें तसेंच टिकवावयाचें असतें तेथें तो सालीऐवजीं ग्लुटाराल्डिहाइड नांवाचें रसायन वापरतो. बैल किंवा डुक्कर यांच्या ऊतींपासून केलेल्या हृदयाच्या नेहमींच्या झडपा अशाच कमावलेल्या असतात. त्या भरंवशाच्या आहेत. परंतु त्या वाढत नाहींत, आणि कालांतरानें त्यांत चुन्याचे क्षार सांचतात. लहान मुलांत तर ते लौकर सांचतात. मूल वाढतें, झडप वाढत नाहीं, आणि पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. जिवंत शरीरानें आपलीशी करून घ्यावी अशी झडप असती तर, या इच्छेंतूनच निष्पेशीकरणाच्या पुष्कळशा प्रयत्नांना चालना मिळाली.

आतां पेशी काढून टाकण्याचें कारण पाहूं. आपल्या शरीरांत परक्याला ओळखण्याची एक शक्ति आहे. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिच्या मालकाच्या खुणा असतात. परक्या खुणेची पेशी दिसली कीं रक्तांतील रक्षक पेशी तिच्यावर तुटून पडतात. एकाचें मूत्रपिंड दुसऱ्याला बसविलें असतां जन्मभर औषधें घ्यावीं लागतात तीं यामुळेंच. प्राण्यांच्या बाबतींत अडचण आणखी मोठी. गाय, म्हैस, डुक्कर यांच्या ऊतींत एक विशिष्ट शर्करा असते. ती मनुष्याच्या शरीरांत नसते, आणि तिच्याविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आपल्या रक्तांत आधींपासूनच तयार असतात. आधारजालाची गोष्ट निराळी. कोलॅजेनची घडण निसर्गानें फारशी बदललेली नाहीं. डुकराचें कोलॅजेन आणि मनुष्याचें कोलॅजेन यांत साम्य पुष्कळ आहे. म्हणून पेशी नाहींशा केल्या आणि जाळें शाबूत राखलें, तर शरीर त्याला बहुधा परकें मानीत नाहीं.

पेशी काढण्याच्या रीती तीन प्रकारच्या आहेत, आणि बहुधा तिन्ही एकामागून एक योजाव्या लागतात. पहिली रीति भौतिक. ऊति कडक गोठवावयाची आणि पुन्हां वितळूं द्यावयाची. पेशींच्या आंत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटते. किंवा ऊति आधीं तीव्र मिठाच्या पाण्यांत व नंतर साध्या पाण्यांत ठेवावयाची. कैरीच्या फोडींना मीठ चोळलें म्हणजे त्या पाणी सोडून आक्रसतात, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. पेशीहि मिठांत आक्रसते, साध्या पाण्यांत फुगते आणि फुटते. दुसरी रीति रासायनिक. पेशीचें आवरण स्निग्ध पदार्थाचें असतें, आणि स्निग्ध पदार्थ साबणानें सुटतो. म्हणून सोडियम डोडेसिल सल्फेट, ट्रायटन, किंवा पित्तांतील आम्लापासून केलेलें डीऑक्सिकोलेट, अशीं साबणाच्या जातीचीं द्रव्यें वापरतात. आपल्या पोटांत तूप-तेल पचविण्यासाठीं पित्त जें काम करतें, तेंच येथें पात्रांत करून घेतलें जातें. तिसरी रीति किण्वकांची. ट्रिप्सिन पेशींचे जाळ्याशीं असलेले सांधे सोडवितें, आणि दुसरें एक किण्वक पेशीच्या केंद्रांतील डी.एन्.ए. या द्रव्याचे तुकडे करतें, म्हणजे तें धुऊन जातें. यानंतर येतें तें सर्वांत कंटाळवाणें आणि सर्वांत महत्त्वाचें काम, धुण्याचें. तासन्‌तास, कधीं दिवस दिवस, शुद्ध द्रवानें ऊति धुवावी लागते. साबणाचा अंश मागें राहिला तर जाळ्यांत पुढें येणाऱ्या नव्या पेशींना तोच विषासारखा होतो.

त्वचा, हृदयावरण किंवा पित्ताशयाची भिंत अशी पातळ ऊति पात्रांत बुडवून हें काम होतें. संपूर्ण अवयवासाठीं मात्र निराळी युक्ति लागते. अवयवाच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्यांतून साबणाचा द्रव सोडावयाचा, म्हणजे तो कानाकोपऱ्यांत पोंचतो. २००८ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत हाराल्ड ऑट आणि डोरिस टेलर यांनीं या पद्धतीनें उंदराचें संपूर्ण हृदय धुतलें. लाल मांसल हृदय फिकट, अर्धपारदर्शक झालें. कप्पे, झडपा आणि रक्तवाहिन्यांचें जाळें मात्र जागच्या जागीं राहिलें. त्यांत नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडून पोषण देत ठेविलें, तेव्हां आठव्या दिवशीं तें आकुंचन पावून थोडेंसें काम करूं लागलें. तें काम प्रौढ उंदराच्या हृदयाच्या सुमारें शंभरांत दोन हिश्शांएवढें होतें. हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मनुष्यासाठीं कोणी लौकरच तयार हृदय आणून देईल, अशी आशा लावणाऱ्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यांच्या शेजारीं हा आंकडा लिहून ठेवावा.

ऊति धुतली, पण ती खरोखर स्वच्छ झाली कीं नाहीं, हें कसें ओळखावयाचें? डोळ्यांना पांढरी दिसली म्हणून ती निष्पेशी झाली असें नव्हे. २०११ सालीं पीटर क्रापो, थॉमस गिल्बर्ट व स्टीफन बाडिलाक यांनीं तीन कसोट्या सुचविल्या, आणि त्या आज बहुतेक प्रयोगशाळांत पाळल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखालीं रंग देऊन पाहिलें असतां पेशींचीं केंद्रें दिसूं नयेत, ही पहिली. एक मिलिग्रॅम वाळलेल्या जाळ्यांत पन्नास नॅनोग्रॅमहून अधिक डी.एन्.ए. नसावें, ही दुसरी. याचा अर्थ असा कीं, वजनांत वीस हजारांत एका भागापेक्षां अधिक अवशेष चालत नाहीं. आणि जो अवशेष राहील त्याचे तुकडे दोनशें जोड्यांपेक्षां लांब नसावेत, ही तिसरी. उलट बाजूनें, ऊति वाजवीपेक्षां जास्त धुतली तर पाणी धरणारीं शर्करायुक्त द्रव्यें आणि वाढीचीं सूचक द्रव्येंहि वाहून जातात व तंतु दुबळे होतात. कमी धुतलें तर परकेपणा राहतो, अधिक धुतलें तर जाळ्यांतील गुण जातो. या दोहोंच्या मधली जागा प्रत्येक ऊतीसाठीं निराळी असते, आणि ती प्रयोगानेंच सांपडते.

असें जाळें शरीरांत बसविल्यावर काय होतें? आधीं रक्तांतील भक्षक पेशी तेथें जमतात आणि जाळें थोडें थोडें पचवूं लागतात. पचतां पचतां अडकलेलीं सूचक द्रव्यें मोकळीं होतात, आसपासच्या पेशी आंत शिरतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि कांहीं महिन्यांत जुन्या जाळ्याच्या जागीं शरीराचें स्वतःचें जाळें तयार होतें. हें प्रथम स्पष्टपणें ज्यांच्या ध्यानांत आलें त्यांत वर उल्लेखिलेले बाडिलाक हे प्रमुख होत. ते पशुवैद्यहि आहेत आणि मनुष्यांचे वैद्यहि. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं आंतड्याच्या भिंतींतील एक पातळ थर कुत्र्याच्या मोठ्या धमनीच्या जागीं बसविला. आंतड्यासारख्या वस्तूनें धमनीचें काम करावें ही अपेक्षा कोणाची नव्हती. पण तो थर हळूहळू धमनीसारखाच झाला. पुढें डुकराच्या आंतड्याचा हाच थर जखमा व अंतर्गळ यांसाठीं जगभर वापरांत आला.

येथें आपण उदगीरच्या जवळ येतों. अंतर्गळ हा माणसांप्रमाणें जनावरांनाहि होतो. वासराच्या बेंबीशीं पोटाची भिंत जन्मतः उघडी राहते आणि आंतड्याचा भाग कातडीखालीं उतरतो. किंवा बैलानें शिंग मारल्यानें पोटाचे स्नायु फाटतात. भोंक लहान असेल तर टांके घालून भागतें. भोंक मोठें असेल तर कडा ओढून शिवण्यांत अर्थ नसतो. ताणानें टांके पुन्हां फाटतात. अशा वेळीं ठिगळ लागतें. कृत्रिम धाग्याचें ठिगळ मिळतें, पण जखमेंत जंतु शिरले तर तें परकी वस्तु म्हणून तसेंच राहतें आणि पू धरतें. निष्पेशी ऊतीच्या ठिगळांत रक्तवाहिन्या शिरत असल्यामुळें त्याला या बाबतींत पुष्कळदां फायदा मिळतो. या विषयावर आपल्या देशांत बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेंत दीर्घकाळ काम झालें आहे. म्हशीचें हृदयावरण, श्वासपटल, कातडीचा आंतला थर अशा ऊतींतून पेशी काढून तेथील शल्यचिकित्सकांनीं त्या प्राण्यांच्या पोटाच्या भिंतींत बसवून पाहिल्या; निष्पेशी केलेल्या महाधमनीच्या ठिगळानें वासरांचा बेंबीचा अंतर्गळ दुरुस्त केल्याचा वृत्तान्त २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. या संस्थेचा जन्म आपल्या पुण्यांतला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८८९ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत जी जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढें १८९३ मध्यें मुक्तेश्वरला गेली आणि वाढत वाढत आजची संस्था झाली.

मनुष्यांच्या वैद्यकींतहि आपल्याकडे कामें झालीं आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८८ सालीं ऊतिपेढी सुरू झाली. बाळंतपणांत वारेबरोबर पडणारें गर्भावरण आणि दान मिळालेलीं हाडें तेथें स्वच्छ करून, गोठवून वाळवून, गॅमा किरणांनीं निर्जंतुक केलीं जातात. भाजलेल्या जागेवर असें गर्भावरण घातलें म्हणजे वेदना कमी होते आणि जखम झांकली जाते. या क्रियेंत पेशी मरतात, पण सर्वच निघून जातात असें नाहीं. पेशी मारणें आणि पेशी काढणें यांतील हा भेद लक्षांत ठेवावा. किरणांनीं निर्जंतुक करण्याची सोय तुर्भे येथें १९७४ सालीं आयसोमेड नांवाच्या केंद्रांत झाली, आणि तिचा लाभ अशा अनेक वस्तूंना मिळाला. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेनें डुकराच्या पित्ताशयाच्या भिंतींतून पेशी काढून जखमेवर लावण्याचा पडदा तयार केला. कोलेडर्म या नांवाच्या त्या वस्तूला २०२३ सालीं केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली; सर्वांत अधिक जोखमीच्या 'ड' वर्गांत तिची गणना आहे. आणि हैदराबादेंत, जेथून १९५६ पर्यंत उदगीरचा कारभार चाले, तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आय.आय.टी. आणि पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र यांनीं मिळून दान मिळालेल्या पण कलमाला न चालणाऱ्या मानवी डोळ्यांचें पारपटल, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक कांच, निष्पेशी करून तिच्या द्रवापासून यंत्रानें नवें पारपटल छापलें, आणि २०२२ सालीं तें सशाच्या डोळ्यांत बसविलें.

एवढी स्तुति केल्यावर दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. २००१ सालीं ऑस्ट्रियांत चार लहान मुलांना डुकराच्या निष्पेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या हृदयाच्या झडपा बसविण्यांत आल्या. एक मूल सातव्या दिवशीं, दुसरें सहा आठवड्यांनीं, तिसरें वर्षानें दगावलें. चौथ्याची झडप खबरदारी म्हणून दोन दिवसांतच काढून घेतली. काढलेल्या झडपांत तीव्र दाह आढळला. न वापरलेल्या झडपा तपासल्या तेव्हां त्यांत डुकराच्या पेशी पुरत्या निघालेल्या नव्हत्या असें दिसून आलें. वजनांत वीस हजारांत एका भागाची ती कसोटी एवढी कडक कां, याचें उत्तर या तीन मुलांच्या मृत्यूंत आहे. दुसरें उदाहरण श्वासनलिकेचें. २००८ सालीं बार्सेलोना येथें पाओलो माकियारीनी यांनीं मृत दात्याची श्वासनलिका निष्पेशी करून, तींत रोगिणीच्या स्वतःच्या पेशी लावून, ती तिला बसविली. जगभर गाजावाजा झाला. पुढें त्या रोगिणीला पुष्कळ सोसावें लागलें, आणि अखेर तिचें डावें फुफ्फुस काढावें लागलें. यशाचा तो वृत्तान्त ज्या 'लॅन्सेट' नियतकालिकांत आला होता त्यानेंच तो २०२३ सालीं मागें घेतला. याच शल्यचिकित्सकानें पुढें स्वीडनमध्यें कृत्रिम श्वासनलिका बसविल्या, आणि त्याबद्दल तेथील वरिष्ठ न्यायालयानें त्याच वर्षीं त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली. दोन्ही ठिकाणीं शास्त्राचें मूळ तत्त्व खोटें नव्हतें. एके ठिकाणीं धुणें व तपासणें अपुरें राहिलें, आणि दुसऱ्या ठिकाणीं प्राण्यांवरील पुराव्याच्या आधींच माणसावर उडी घेतली गेली.

आणखी एक प्रश्न आपल्या देशांत विशेष महत्त्वाचा आहे. जाळें कोणत्या प्राण्याचें, हें रोग्याला सांगावयाचें कीं नाहीं? माझ्या मतें अवश्य सांगितलें पाहिजे, आणि शस्त्रक्रियेच्या आधीं सांगितलें पाहिजे. कोणाला गाईची ऊति नको असेल, कोणाला डुकराची. कोणी कोणत्याच प्राण्याची घेणार नाहीं. हरकत घेणाराला अडाणी म्हणून गप्प करण्यांत शास्त्राचा गौरव नाहीं. म्हशीची, माशाची, मानवी दानाची, किंवा केवळ कृत्रिम धाग्याची, अशा दुसऱ्या वाटा उपलब्ध असतात; निवड रोग्याची असावी. महाराष्ट्रांत २०१५ सालापासून गोवंशाच्या सर्वच जनावरांच्या कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. म्हशींना ती लागू नाहीं. तेव्हां कायदेशीर कत्तलखान्यांतून कच्चा माल घ्यावयाचा तर तो येथें म्हशीचाच असणार. कत्तलखान्यांत कातड्याला गिऱ्हाईक असतें; हृदयावरण, श्वासपटल आणि पित्ताशय यांना सहसा नसतें. हे भाग थोड्या तासांत थंड करून प्रयोगशाळेला पोंचविले, जनावर निरोगी असल्याचा पशुवैद्याचा दाखला घेतला, आणि धुण्याचा प्रत्येक टप्पा वहींत लिहून ठेविला, तर निरुपयोगी म्हणून फेंकल्या जाणाऱ्या वस्तूचें औषध होतें.

उदगीर येथें १९८७ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज तें नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं चालतें. भोंवतालीं देवणी आणि लाल कंधारी या जातींच्या गुरांचा, म्हशींचा मुलूख आहे. देवणी वासराची किंमत शेतकऱ्याच्या दृष्टीनें केवढी असते, हें या भागांत कोणाला सांगावयास नको. बेंबीच्या गाठीमुळें तें कवडीमोलानें विकावें लागलें तर त्या घराचें वर्षाचें गणित बिघडतें. म्हणून पशुपालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वासराच्या बेंबीशीं मऊ, दाबल्यावर आंत जाणारी गांठ दिसली तर ती चिरूं नये, डागूं नये, दोरीनें आंवळूं नये. आंत आंतडें असूं शकतें. वेळेवर पशुवैद्याकडे नेलें तर बहुतेक गांठी साध्या उपायानें बऱ्या होतात. ठिगळाची पाळी थोड्यांवरच येते. आणि कत्तलखान्यांतील कच्चें आवरण आणून कोणी जखमेवर बांधूं लागला तर त्याला परतवून लावावें. न धुतलेली, न तपासलेली ऊति म्हणजे जंतूंचें घर होय.

माणसांच्या बाबतींत, डॉक्टरनें असा पडदा किंवा असें ठिगळ सुचविलें तर चार प्रश्न विचारण्याचा रोग्याला अधिकार आहे. हें कोणत्या प्राण्याचें आहे? याला सरकारी मंजुरी आहे काय? माझ्यासारख्या किती रोग्यांना तें बसविलें आणि पुढें किती दिवस त्यांच्यावर लक्ष ठेविलें? आणि हें न वापरल्यास दुसरा कोणता उपाय आहे? ज्याच्या हातीं खरी विद्या आहे तो या प्रश्नांनीं रागावत नाहीं.

चर्मकाराचें कुंड, सूक्ष्मदर्शकाखालचा थर आणि रोग्याची खाट यांना जोडणारी ही विद्या अजून तरुण आहे. तिचें यश धुण्याच्या चिकाटीवर, तपासणीच्या प्रामाणिकपणावर आणि रोग्याशीं खरें बोलण्यावर अवलंबून आहे. उदगीरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणी हें काम हातीं घेतलें, तर ज्या कारागिरांच्या पूर्वजांनीं मीठ, चुना आणि पाणी यांनीं कोलॅजेनची वीण ओळखली होती, त्यांच्या वस्तीपर्यंत जाऊन त्यांची पद्धतिहि त्यांनीं एकदां नीट पाहावी. शिकण्यासारखें तेथें अजून पुष्कळ आहे.